बाबांच्या औषधासाठी लोकांकडे मदत मागायची आहे, पण बाबाच नको म्हणतात

अर्धविराम
इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहिते आहे पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर निघालाय. चौथी स्टेज. वय ६८. ऑन्कॉलॉजिस्टांनी इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) सुचवली आहे, पेम्ब्रोलिझुमाब, दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून. साधी केमो सरकारी योजनेत बसते, हे औषध बसत नाही. विम्याची मर्यादा तपासण्या आणि पहिल्या भरतीतच जवळजवळ संपली. दादा आणि मी मिळून थोडे महिने रेटू. पुढे काय, ते माहीत नाही.

म्हणून ऑनलाइन आवाहन करायचं ठरवलं. मसुदा लिहिला, फोटो निवडला आणि बाबांना दाखवला. "माझ्या नावाने कुणापुढे हात पसरायचे नाहीत," म्हणाले आणि विषय बंद. आई म्हणते त्यांना न सांगता करा. दादा म्हणतो, कळल्याशिवाय राहणार आहे का, त्यांच्या ऑफिसचा अख्खा ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर आहे.

तर विचारायचं असं की त्यांच्या मनाविरुद्ध जावं का? ज्यांनी असं आवाहन केलंय त्यांनी किती रकमेचं केलं, पैसे कुणाच्या नावावर घेतले, हिशेब कसा ठेवला? कडू अनुभवही सांगा, चालतील.

पाऊलवाट
आधी बाबांना बरं वाटो. मी तर म्हणेन आईचं ऐका. जीव राहिला तर मान परत मिळवता येतो.

खिडकीपाशी
पाऊलवाट, सपशेल असहमत. आजार त्यांचा, शरीर त्यांचं, नाव त्यांचं. ६८ वर्षांच्या शुद्धीतल्या माणसाचे रिपोर्ट त्याला न विचारता चारचौघांत मांडायचे? उद्या शेजारचा कुणी भेटून "धीर सोडू नका हं" म्हणाला की त्यांना कळणार की आपल्या फुप्फुसाचा स्कॅन सगळ्या सोसायटीने पाहिलाय.

तिरपागडा
एक इशारा. आवाहन टाकलंत की ज्यांना पैसे द्यायचे नसतात ते नंबर देतात. अमुक वैद्यांचा, तमुक महाराजांचा, डोंगरापलीकडच्या कुणा जडीबुटीवाल्याचा. आमच्या आत्याच्या वेळी एवढे नंबर जमले होते की टेलिफोन डिरेक्टरी छापता आली असती.

गंगाजळी
पेशाने हिशेबनीस आहे. नात्यातल्या दोन आवाहनांचे हिशेब मी पाहिलेत, त्यावरून लिहितो.

रक्कम ठरवताना लोक "पूर्ण उपचार" असा एकच आकडा टाकतात. तो आकडा इतका मोठा दिसतो की छोटी रक्कम देणारा बिचकतो, माझ्या एवढ्याशाने काय होणार म्हणून पुढे सरकतो. त्यापेक्षा टप्पा करा. पहिले चार डोस, त्यानंतरचा स्कॅन, रक्ततपासण्या आणि मध्ये भरती करावं लागलं तर त्यासाठी राखीव. टप्पा पुरा झाला की काय झालं ते लिहा आणि मगच पुढचं मागा. स्कॅन चांगला आला तर लोक आपणहून देतात. वाईट आला तर तुम्ही न वापरलेल्या मोठ्या रकमेवर बसलेले नसता.

पैसे शक्यतो थेट हॉस्पिटलच्या खात्यात, रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर जातील असं बघा. ते जमत नसेल तर वेगळं खातं काढा, दोघांच्या सहीचं. दादाच्या पगाराच्या खात्यात अजिबात नको. दादा खाईल असं कुणी म्हणत नाहीये, पण सहा महिन्यांनी कुठली रक्कम कुठून आली हे दादालाच सांगता येणार नाही. आवाहनाच्या संकेतस्थळाचं शुल्क किती, वर 'ऐच्छिक' म्हणून देणगीदाराकडून आणखी काही कापतात का, पैसे हातात यायला किती दिवस लागतात, हे सुरू करण्याआधी वाचा. हॉस्पिटल डोसच्या दिवशी पैसे मागतं आणि संकेतस्थळ आठवड्याने सोडतं, यात भलेभले अडकलेत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसे उरले तर काय करणार, ते पहिल्याच दिवशी लिहून टाका. हे लिहायला हात रेटत नाही, कारण पैसे उरण्याचं एक कारण कुणाला उच्चारायचं नसतं. पण नंतर ठरवायला बसलात तर भावंडांत भांडणं लागतात. माझ्या डोळ्यांदेखत लागली आहेत.

आणि देणगी आणि हातउसने यांची वही वेगळी. "असू दे, मग बघू" म्हणून दिलेले पैसे हे हातउसनेच धरायचे.

मनमोकळी
गंगाजळींना +१. उरलेल्या पैशांचा मुद्दा तर सोन्याचा.

औषधी_कपाट
मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, केमोचे डोस तयार करणाऱ्या विभागात. डॉक्टर नाही, तेव्हा उपचारांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण पैशांकडे वळण्याआधी चार गोष्टी विचारा. आवाहनाचा आकडा याच उत्तरांवर ठरणार आहे.

बायोप्सीच्या तुकड्यावर ईजीएफआर, एएलके, आरओएस१ या जनुकीय तपासण्या झाल्या का? यातलं काही पॉझिटिव्ह निघालं तर सहसा आधी त्यावरची गोळी देतात. अशा रुग्णांत इम्युनोथेरपी एकटी फारशी चालत नाही. शिवाय आधी इम्युनोथेरपी आणि लगेच मागून गोळी, असा क्रम झाला तर काही गोळ्यांबरोबर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. रिपोर्ट यायला वेळ लागतो, त्या काळात घरच्यांचा जीव वर-खाली होतो, पण पहिला डोस घाईने विकत घेण्यापेक्षा डॉक्टरांना "रिपोर्टसाठी थांबता येईल का" एवढं विचारा.

दुसरं, पीडी-एल१ (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) किती टक्के पेशींवर सापडलं? ५० किंवा त्याहून जास्त असेल आणि वरचे जनुकीय बदल नसतील तर केमोशिवाय हे एकच औषध देता येतं. याच गटावर २०१६ मध्ये केमोशी तुलना करणारी मोठी चाचणी आली. पाच वर्षांनी पेम्ब्रोलिझुमाब घेतलेल्यांतले ३१.९ टक्के हयात होते, केमो घेतलेल्यांतले १६.३ टक्के. म्हणजे फरक खरा आहे आणि मोठा आहे, पण दोनतृतीयांश लोक त्या पाच वर्षांत गेले, हेही त्याच आकड्यात आहे. पीडी-एल१ कमी असेल तर सहसा केमो सोबत देतात आणि गणित बदलतं.

तिसरं, किती दिवस? त्या चाचणीत जास्तीत जास्त ३५ डोस होते, म्हणजे साधारण दोन वर्षं. सगळ्यांचे ३५ होत नाहीत. आजार वाढला किंवा दुष्परिणाम झाले तर थांबवतात. म्हणून गंगाजळींचं टप्प्यांचं म्हणणं औषधाच्या बाजूनेही बरोबर आहे. पहिला स्कॅन कधी आणि त्यात काय दिसलं तर बंद करणार, हे डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या.

चौथं, कंपनीचा पेशंट असिस्टन्स प्रोग्रॅम. बऱ्याच महागड्या औषधांना असतो. काही डोस विकत घेतले की पुढचे मोफत, अशा धर्तीवर. यात नाव पहिला डोस घेण्याआधी घालावं लागू शकतं, मूळ बिलं लागतात, काही ठिकाणी रिकाम्या बाटल्याही परत मागतात. हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करला भेटा. या बाईंना किंवा बुवांना लोक शेवटी भेटतात, भेटायचं असतं पहिल्यांदा.

अर्धविराम
औषधी_कपाट, तुमचं दोनदा वाचलं. जनुकीय रिपोर्ट अजून यायचा आहे. पीडी-एल१ चं नाव आम्ही ऐकलंसुद्धा नव्हतं. उद्या विचारते. सोशल वर्कर नावाचं कुणी असतं हेही आत्ताच कळलं.

कोरडी_विहीर
थोडं नको असलेलं बोलतो. इंग्लंडमध्ये नेहमीच्या यादीत न बसणाऱ्या कॅन्सरच्या औषधांसाठी सरकारने २०११ मध्ये वेगळा निधी काढला. लोकांच्या रेट्यामुळेच. २०१७ मध्ये त्या निधीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या ४७ वापरांसाठी पैसे दिले गेले त्यातल्या फक्त १८ मध्ये आयुष्य वाढल्याचा पुरावा होता, आणि ती वाढही मध्यकाने (म्हणजे निम्म्यांत याहून कमी, निम्म्यांत जास्त) ३.१ महिने. निधीची पद्धतच २०१६ मध्ये बदलावी लागली. योजनेत नाही म्हणजे दुष्ट सरकारने अडवून ठेवलेली संजीवनी, हे गृहीतक आधी तपासा. चौथ्या स्टेजला घर धुऊन काढणारं औषध घेण्याआधी ते काय देणार आहे ते विचारा.

पाऊलवाट
कोरडी_विहीर, आयडी शोभतो तुम्हाला. त्यांनी पैसे कसे उभे करावेत हे विचारलंय, बाबा किती महिने जगतील हे नाही.

कोरडी_विहीर
दोन्ही प्रश्न एकच आहेत. मी दोन आवाहनांना पैसे दिलेत, पुढेही देईन. पण देणाऱ्याला "हे औषध घेतलं की बरे होतील" असं सांगून घेतलेले पैसे आणि "हे घेतलं तर काहींना वर्षं मिळतात, काहींना काहीच नाही" असं सांगून घेतलेले पैसे वेगळे. दुसरं सांगितलंत तरी लोक देतात.

औषधी_कपाट
विहिरीत पाणी आहे. तो अभ्यास मीही वाचलाय. फक्त एवढंच की ती अनेक औषधांची गोळाबेरीज आहे. पीडी-एल१ जास्त असलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरला ३.१ महिन्यांचा आकडा लावायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत फुप्फुसाच्या काही कॅन्सरसाठी पेम्ब्रोलिझुमाब घेतलं. अर्थात त्या यादीत आलं म्हणून कुठलं सरकार दुसऱ्या दिवशी बिल भरत नाही.

बोरू_दौत
कमी डोसवर चालतं असं वाचलंय. टाटा मेमोरियलचा अभ्यास होता ना? दहा टक्क्यांहून कमी डोस?

औषधी_कपाट
बोरू_दौत, हो, पण औषध वेगळं आणि जागा वेगळी. निवोलुमाब, डोक्या-मानेचा कॅन्सर, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, सोबत कमी मात्रेच्या तोंडी गोळ्या. वर्षभराने हयात असणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. फार मोलाचा अभ्यास आहे, पण तो तसाच उचलून फुप्फुसावर ठेवता येत नाही. पेम्ब्रोलिझुमाबच्या बाबतीत वजनावर डोस काढता येतो का हे विचारण्यासारखं आहे. २०१४ मध्ये हे औषध पहिल्यांदा मंजूर झालं तेव्हा डोस किलोमागे २ मिलिग्रॅम होता, सरसकट २०० मिलिग्रॅम नंतर आलं. बारीक अंगाच्या माणसाला फरक पडतो. दोन रुग्णांना एकाच दिवशी बोलावून बाटलीतलं उरलेलं वाया जाऊ न देण्याची सोय काही हॉस्पिटलं करतात. हे सगळं विचारायचं, आपण ठरवायचं नाही.

तिरपागडा
म्हणजे सलाइनमध्येही शेअर रिक्षा.

जास्वंद_घरची
ताई, मसुदा इथे टाकाल का? नावं-गावं काढून. भाषा बघून सांगू.

अर्धविराम
टाकते. "आमचे बाबा आयुष्यभर कष्ट करून, कधीही कुणाकडे काही न मागता जगले. त्यांना कसलंही व्यसन नाही. सिगारेटला कधी हातही लावला नाही, तरीही नियतीने त्यांच्यावर फुप्फुसाच्या कॅन्सरचा घाला घातला. त्यांचा जीव आता तुमच्या हातात आहे. कृपया त्यांना वाचवा." पुढे खात्याची माहिती वगैरे.

खिडकीपाशी
"कधीही कुणाकडे काही न मागता जगले" हे वाक्य वाचूनच बाबा चिडले असतील. त्यांची जी गोष्ट त्यांना सगळ्यात प्रिय आहे, तीच तुम्ही मागण्यासाठी वापरलीत.

सांजफेरी
मला दुसरं वाक्य खटकलं. माझे वडील ओढायचे. भरपूर. त्यांचं कळल्यावर दर माणसाचा पहिला प्रश्न "ओढायचे का?" आणि हो म्हटलं की चेहऱ्यावर एक समाधान यायचं, कारण सापडल्याचं. आम्ही आवाहन केलंच नाही, कारण तो प्रश्न लेखी विचारला जाणार हे दिसत होतं. "व्यसन नाही तरीही" याचा अर्थ व्यसन असतं तर ठीक होतं, असा होतो. तुमचा तसा हेतू नाही हे कळतं.

गंगाजळी
व्यवहाराचं बोलायचं तर ते वाक्य असलं की पैसे जास्त येतात. लोक निष्पाप माणसाला देतात.

सांजफेरी
येत असतील. म्हणूनच राग येतो.

जास्वंद_घरची
फुप्फुसाच्या बाबतीत ते फक्त माहिती म्हणून देता येईल की. धूम्रपान कधीच न केलेल्यांनाही हा कॅन्सर होतो आणि अशा लोकांत ईजीएफआर-एएलके सापडण्याची शक्यता जास्त असते, बरोबर ना औषधी_कपाट? म्हणजे डॉक्टरांना सांगायला ते उपयोगी, देणगीदाराला सांगायची गरज नाही.

औषधी_कपाट
बरोबर. म्हणूनच त्या रिपोर्टसाठी थांबा म्हणतेय.

तिरपागडा
आणि नियतीला काढा हो मसुद्यातून. तिचं नाव आलं की मला पुढचं पार्श्वसंगीत ऐकू यायला लागतं.

बोरू_दौत
अवांतर होईल, पण राहवत नाही. मुळात हे सगळं माणसागणिक का करावं लागतं? ज्याच्या मुलीला नीट लिहिता येतं, ज्याच्या भाच्याचे फॉलोअर जास्त, ज्याचा फोटो गोंडस, त्याला औषध. रोजंदारीवर जाणाऱ्याच्या बापाला तोच कॅन्सर असतो. न्यूझीलंडमध्ये फार्मॅक नावाची सरकारी संस्था आहे, १९९३ पासून. ठरलेल्या रकमेत देशाची औषधं बसवते. त्यामुळे औषधं स्वस्तात मिळवते आणि नवी औषधं उशिरा. तिथे मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) रुग्णांनी संसदेपर्यंत धडक मारली, तेव्हा २०१६ मध्ये हेच पेम्ब्रोलिझुमाब त्या आजारासाठी सरकारी खर्चात आलं. ती मागणी सगळ्यांसाठी होती. एकेकट्या आवाहनाने एक माणूस तगतो, पुढच्याला पुन्हा शून्यापासून.

पाऊलवाट
संसदेचा निकाल लागेपर्यंत अर्धविरामचे बाबा थांबतील का?

बोरू_दौत
नाही. म्हणूनच अवांतर म्हटलं.

बोगनवेल७
अवांतरात भर घालते, पण आशेची. माझ्या आईला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. इमॅटिनिब. ही गोळी २००१ मध्ये आली तेव्हा सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होती. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ ला नोव्हार्टिस कंपनीचं या गोळीच्या पेटंटचं अपील फेटाळलं. जुन्याच रेणूचं नवं स्फटिकरूप म्हणजे नवा शोध नाही, किमान पेटंट कायद्यातल्या कलम ३(ड) च्या कसोटीला उतरणारा नाही, असं म्हणाले. जेनेरिक गोळी बाजारात राहिली. आई ती जेनेरिकच घेते. भाजी चिरताना बातम्यांवर टीका करते. पेम्ब्रोलिझुमाबसारखी औषधं गोळीसारखी रसायनशाळेत जुळवता येत नाहीत, जिवंत पेशींत वाढवावी लागतात, म्हणून त्यांची नक्कल, बायोसिमिलर, उशिरा आणि महाग येते. पण येते. स्तनाच्या कॅन्सरवरच्या ट्रास्टुझुमाबची आली.

पाऊलवाट
आईंना नमस्कार. बातम्यांवर टीका म्हणजे तब्येत उत्तम.

मनमोकळी
मूळ विषयाकडे येते. आई गेली, तिच्यासाठी आम्ही आवाहन केलं होतं. पैसे आले. ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती त्यांच्याकडून आले. आईच्या जुन्या शाळेतल्या शिपाईमामांनी पाठवले ते अजून डोळ्यांपुढे आहेत. ज्यांच्याकडून अपेक्षा होती त्यांनी ग्रुपवर हात जोडल्याची खूण टाकली. त्याचा हिशेब मनात ठेवू नका, अर्धविराम, नाहीतर पुढची दहा वर्षं लग्नकार्यात माणसं दिसत नाहीत, आकडे दिसतात.

पण एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आम्ही सगळे पैसे औषधामागे लावत होतो आणि आईला दम लागत होता, झोप नव्हती, दुखत होतं. पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे दुखणं-दम-त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, नाव काढलं की काका म्हणायचे, "म्हणजे हात टेकले का?" ते तसं नसतं. २०१० मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरवरच अभ्यास झाला होता. सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांबरोबर पॅलिएटिव्ह टीम असलेले रुग्ण मध्यकाने ११.६ महिने जगले, नसलेले ८.९ महिने. त्यांची मनःस्थितीही चांगली होती, आणि शेवटी त्यांच्यावर उपचारांचा मारा कमी झाला. ते १५१ रुग्णच होते, पण एवढा फरक एखाद्या नव्या औषधाने दाखवला असता तर त्यासाठी आवाहनं निघाली असती. तुमच्या टप्प्याच्या खर्चात हेही धरा. दुखण्याची औषधं, घरी येणारी नर्स, गरज पडल्यास ऑक्सिजन. हे स्वस्तातलं आहे आणि रोज लागणारं आहे.

कोरडी_विहीर
मनमोकळी, धन्यवाद. मला हेच म्हणायचं होतं, जमलं नाही.

पाऊलवाट
जमलं नाही हे आम्हीही पाहिलं. असो.

जुनं_खोड
मी उशिरा आलो. या धाग्यावर सगळी मुलंमुली बोलताहेत, बापाच्या बाजूने कुणी नाही, म्हणून लिहितो. माझ्यासाठी माझ्या मुलांनी पैसे गोळा केले होते. आतड्याचा होता. आता तपासणीपुरता जातो.

अर्धविराम, बाळ, तुझे बाबा "हात पसरायचे नाहीत" म्हणतात त्यात अनेक गोष्टी एकत्र आहेत, त्या सोडवून बघ. एक अभिमान, तो सगळ्यांना दिसतो. दुसरी भीती अशी की पैसे घेतले की उपचार थांबवण्याचा हक्क जातो. लोकांनी पैसे दिलेत, आता मी "पुरे" कसं म्हणू? मला हीच भीती जास्त होती. केमोने अंग गळून जायचं आणि मनात यायचं, चारशे लोकांनी पैसे दिलेत, उलट्या सहन केल्या पाहिजेत. मुलांना हे मी तेव्हा सांगितलं नाही. सांगायला शब्दच नव्हते.

तिसरं म्हणजे नंतरचं जगणं. बरा होऊन बाहेर पडलो. चपलांच्या दुकानात नवीन चप्पल घेताना ओळखीचं कुणी दिसलं की मी जुनीच परत पायात घालायचो. कुणी काही बोललं नव्हतं. कुणाच्या मनातही नसेल. पण घेतलेल्या पैशाचे डोळे मला सगळीकडे दिसायचे. दोन दिवस फिरायला जाऊन आलो तर सुनेने फोटो टाकला, मी तो काढायला लावला.

याला मिंधेपण म्हणतात आणि तुझे बाबा ते आजच बघताहेत. त्यांना "लोक काही म्हणत नाहीत हो" असं समजावू नकोस. खोटं आहे ते, आणि त्यांना कळतं. त्यांना असं विचार की कुणाकडून घेतलेलं तुम्हाला सोसेल? मला परक्यांचं सोसत नव्हतं, पण माझ्या कामावरच्या जुन्या मंडळींचं सोसलं, कारण त्यांच्या अडीनडीला मीही धावलो होतो. ती देवाणघेवाण होती. दुसऱ्या बाजूला माझ्या वॉर्डातल्या एका गृहस्थांना बरोबर उलटं हवं होतं, ओळखीच्या कुणाला कळू नये, अनोळखी लोकांनी दिलं तर चालेल. माणसागणिक वेगळं असतं. त्यांनाच विचार.

आणि एक लिहून दे त्यांना. "तुम्ही ज्या दिवशी थांब म्हणाल त्या दिवशी औषध थांबेल, कितीही पैसे जमलेले असले तरी." तुझी आणि तुझ्या दादाची सही घाल. कागदाला किंमत नाही म्हणतील, पण ठेवतील जपून.

खिडकीपाशी
आजोबा, याच्यापुढे लिहिण्यासारखं काही नाही माझ्याकडे.

तिरपागडा
मी पण आज विनोद करत नाही. (चप्पल घ्या हो काका. दोन घ्या.)

जुनं_खोड
घेतली मागच्या महिन्यात. चावते आहे.

गंगाजळी
काकांच्या मुद्द्यावरून एक दुरुस्ती सुचवतो. आवाहनातच लिहावं की उपचार कधी थांबवायचे हा निर्णय रुग्णाचा आणि डॉक्टरांचा राहील आणि उरलेली रक्कम अमुक ठिकाणी जाईल. म्हणजे देणाऱ्याने ते वाचूनच दिलेलं असेल.

सांजफेरी
आणि फोटो हसरा लावा किंवा लावूच नका. नाकात नळीवाला फोटो एकदा इंटरनेटवर गेला की गेला. माणूस बरा होतो, फोटो बरा होत नाही.

बोरू_दौत
नकली आवाहनांचंही बघा. खऱ्या आवाहनाचा मजकूर-फोटो उचलून वेगळा खाते क्रमांक घालून फिरवतात. फोटो लावलाच तर त्यावर तुमचा दुवा छापा, आणि हॉस्पिटलच्या पत्रावरचा नोंदणी क्रमांक, पत्ता झाकून मगच टाका. आणि तिरपागडांच्या जडीबुटीवाल्यांकडे नुसता विनोद म्हणून बघू नका. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पुरावा नसलेल्या किंवा धोकादायक उपचारांसाठीची हजाराहून अधिक ऑनलाइन आवाहनं मोजली होती, त्यांत होमिओपॅथीने कॅन्सर बरा करण्याचीही होती. असे उपचार विकणारे आवाहनं वाचूनही गिऱ्हाईक शोधतात. फोन येणार. उचलायचं काम आईंना देऊ नका.

अर्धविराम
सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, मधे काही दिवस इथे यायला जमलं नाही.

रिपोर्ट आले. ईजीएफआर, एएलके, आरओएस१ तिन्ही निगेटिव्ह. पीडी-एल१ ७० टक्के. डॉक्टर म्हणाले, एकट्या इम्युनोथेरपीवर सुरुवात करू, तीन डोसांनंतर स्कॅन, आणि कधी थांबवायचं ते त्यांनी केसपेपरवर लिहून दिलं. मी मागितलं म्हणून जरा चमकले, पण लिहिलं. वजनावर डोसचं विचारलं, त्यांनी टाळलं नाही, फार्मसीशी बोलतो म्हणाले. सोशल वर्कर ताई भेटल्या. कंपनीच्या योजनेचा अर्ज भरला आहे. पहिला डोस त्यासाठीच पुढच्या आठवड्यावर ढकलला.

बाबांना जुनं_खोड काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. पूर्ण नाही, चपलेपर्यंत. मग त्यांनी फोन हातात घेऊन उरलेला स्वतः वाचला. अजूनही जाहीर आवाहनाला त्यांचा नकारच आहे. पण ऑफिसच्या जुन्या ग्रुपला ते स्वतः लिहिणार आहेत, आणि त्यांनी अट घातली आहे की देणाऱ्यांची यादी त्यांच्याकडेच राहील, दादाने त्यात डोकवायचं नाही. 'वाचवा' हा शब्द कुठे दिसता कामा नये. दादा कुरकुरतोय की एवढ्याने पुरणार नाही, आणि त्याचं गणित बरोबर आहे. पहिल्या टप्प्याला पुरेल. पुढचं स्कॅननंतर पुन्हा भांडू.

थांबवण्याचा कागद लिहिला. बाबांनी त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या.

औषधी_कपाट
सत्तर टक्के चांगलं आहे. पहिल्या डोसाआधी थायरॉइडची तपासणी झालीय ना बघा. नवा खोकला, वाढलेला दम किंवा जुलाब सुरू झाले तर "सलाइनमुळे असेल" म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी कळवा. इम्युनोथेरपीचे दुष्परिणाम केमोसारखे लगेच येत नाहीत, आठवड्यांनीही येतात, औषध बंद केल्यावरही येऊ शकतात.

पाऊलवाट
मी सुरुवातीला न सांगता करा म्हटलं होतं. तरी अजून मला वाटतं दादा बरोबर आहे. पण बाबांचं पत्र आधी जाऊ दे.

जास्वंद_घरची
अर्धविराम, आम्हाला द्यायचे आहेत. थोडेच आहेत. बाबांच्या यादीत बसतो का आम्ही? परके की ओळखीचे?

व्यवस्थापन
सदस्यांना विनंती: खाते क्रमांक, दुवे, रुग्णाचे रिपोर्ट धाग्यावर देऊ नयेत. ज्यांना मदत करायची आहे त्यांनी धागाकर्तीला व्यक्तिगत निरोप पाठवावा. पैसे पाठवण्याआधी खातरजमा प्रत्येकाने स्वतः करावी.

अर्धविराम
जास्वंद_घरची, विचारून सांगते. आत्ता झोपलेत.